माइक माझ्याकडे, मुली पाण्याखाली

२ एप्रिल
क्लबच्या सेक्रेटरींनी विचारलं, यंदा पोहण्याच्या स्पर्धेत माइक सांभाळाल का. नेहमीचे निवेदक आजारी आहेत, दुसरं कोणी मिळेना, असंही म्हणाले. भिडस्त माणूस. मी कॉलेजात पोहायचो. शिवाय आवाज खणखणीत. हो म्हटलं.

३ एप्रिल
लेकीला बातमी दिली. ती शंभर मीटर फ्रीस्टाइलमध्ये आहे. जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, निदान माझ्या शर्यतीत गप्प बसाल का? बिचारीला टेन्शन आलंय.

५ एप्रिल, सकाळी
तलावावर पाहणी केली. पूर्वीची मजा नाही. आमच्या वेळी माणूस धपकन पाण्यात पडायचा, लगेच वर यायचा, तोंड दिसायचं. आता टोपी, गॉगल. सख्खी आई ओळखणार नाही. पहिला कोण, हेही भिंतीवरची वायर लावलेली पट्टी ठरवते. मग प्रेक्षकांनी करायचं काय? बसले होते फोनमध्ये डोकं घालून. यांना खेळाकडे वळवायचं काम आता माझं.

८ एप्रिल
कोचबाईंनी नियमांची पुस्तिका दिली. उद्यापासून रोज चार पानं.

९ एप्रिल
पाहुणे.

१२ एप्रिल
पुस्तिका उघडली. टाइप फार बारीक. डुलकी लागली. बायको म्हणते, लेकीलाच विचारून घ्या. पण पाणी तेच, पोहणं तेच. नियम बदलून बदलून किती बदलणार?

१६ एप्रिल, दुपारी
लहान गटाच्या शर्यती झकास झाल्या. मग लेकीची. मुलींनी सूर मारले. एकेक डोकं वर आलं. चार नंबरचं येईना. चार नंबरला आमचीच. अजून येईना. पुढचं नीट आठवत नाही. लोक सांगतात, मी माइकवरून ओरडलो की माझी पोरगी बुडाली, उडी मारा. जीवरक्षकाने मारली. ती वर आली ती सगळ्यांच्या पुढे, आणि थेट त्याच्यावर आदळली. शर्यत रद्द.
कोचबाई म्हणाल्या, हल्ली सूर मारल्यावर पाण्याखालूनच पाय मारत जातात, पंधरा मीटरपर्यंत चालतं. वर्षभर तिला तेच शिकवत होत्या. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आहे म्हणे.
लेक माझ्याकडे बघेना.

१६ एप्रिल, संध्याकाळी
शर्यत पुन्हा घेतली. काय रंगली! अख्खी गॅलरी उभी. फोन खिशात. चार नंबर पाण्याखाली गेली की सगळे श्वास धरायचे, वर आली की आरडाओरडा. लेक पहिली आली, नखाएवढ्या फरकाने. नुसत्या डोळ्यांना कळलंच नसतं, पट्टीने सांगितलं. माझं निवेदन इतकं बहारदार कधी झालं नव्हतं.

१८ एप्रिल
सेक्रेटरींचा फोन. इतके रमलेले प्रेक्षक त्यांनी पाहिले नव्हते. पुढच्या वर्षी मला पार्किंगची जबाबदारी देणार आहेत. विश्वास वाढलेला दिसतो.

१९ एप्रिल
बायकोने काढलेला संध्याकाळच्या शर्यतीचा व्हिडिओ लेकीने टीव्हीवर लावला. तीन दिवसांनी माझ्या शेजारी बसली. निवेदन ऐकू येईना, म्हणून आवाज वाढवायला सांगितलं.
ती म्हणाली, "आवाज पूर्ण आहे, बाबा. सेक्रेटरीकाकांनी तुमचा माइक आधीच बंद केला होता."
असेल. पण ओठ तरी हलायला हवेत. हलत नाहीत. मी खुर्चीवर उभा आहे, माइक मांडीशी लोंबतोय, आणि मी आ वासून पाण्याकडे बघतोय. पहिल्यापासून शेवटपर्यंत.
तिने पुन्हा लावला. या वेळी मी शर्यत बघितली. सुरेख पोहते.