चिंचेनं घासलेला निळा दगड

भद्रावती, बुद्धपौर्णिमेची आदली संध्याकाळ

डोकं नुसतं ठणकून राह्यलं. सासूबाईंनी आज बुद्धाची पितळी मूर्ती चिंचेनं घासली, दरवर्षी घासतात तशी. आणि त्याच हातानं प्रशांतचा निळा दगडही घासून काढला. चिंचेनं! माझा नवरा परदेशात ज्या वाळवंटातल्या जस्ताच्या खाणीत काम करतो, तिथला तो दगड. काय चकाकायचा! आता ओल्या खडूसारखा दिसतो.

"आई, तुमाले कोणी सांगतलं होतं?" मी ओरडलीच.

"उद्या मूर्तीसमोर ठेवाचा होता. मळका काऊन ठेवाचा?"

तेवढ्यात प्रशांतचा व्हिडिओ कॉल. दगड पाहून त्यानं कपाळावर हात मारला. म्हणे, तिथं पाऊसच नाही म्हणून असे दगड टिकतात, आंबट लागलं की खलास. मग दगडाचंच पुराण. अरे, पोरगी तापानं फणफणली होती, ते विचार ना! आणि दगड तरी स्वतः आणला का? सुट्टीवर आलेल्या सोबत्याच्या हाती पाठवला. त्याला सुट्टी मिळते, मग याला काऊन नाही?

शेवटी म्हणाला, "जाऊ दे. दुसरा पाठवतो."

सासूबाईंनी चिंचेच्या हातानंच माझ्याकडून फोन ओढून घेतला.

"पाठवू नको," त्या म्हणाल्या. "घेऊन ये."