तंबूचा खरा रंग

नाना, मी पन्नाशीला आलो तरी तुमच्या चेल्याचा मला अजून हेवा वाटतो. तुम्ही असताना हे बोललो असतो तर हसण्यावारी नेलं असतं.

सध्या मला जुन्या लढायांचे छोटे देखावे करण्याचा नाद लागलाय. बोटभर सैनिक, वीतभर ट्रक. चिकटवायला चार दिवस, पण त्याआधी महिनोन्महिने वाचन. सरहद्दीवरच्या एका छावणीसाठी मी वाचनालयं धुंडाळली, निवृत्त फौजींच्या घरी बसून अल्बम चाळले, तंबूला खुंट्या किती असायच्या तेही विचारलं. अडलो ते तंबूच्या रंगापाशी. तेव्हा आठवलं, पांडेसऱ्यात तुमच्या मिलमध्ये फौजेच्या तंबूंचं कापड रंगायला यायचं.

तुम्ही तिथे डाइंग मास्टर. मी शाळकरी पोर डबा घेऊन येतो तेव्हा तुम्ही आणि तुमचा चेला दाराशी उजेडात उभे असता. रंगवलेला तुकडा इस्त्रीनं वाळवून तुम्ही त्याच्या हातात देता, परत घेता, पुन्हा देता. ओल्या कापडाला कधी होकार द्यायचा नाही, ओलेपणी रंग गडद दिसतो, हे तुम्ही त्याला सांगताय आणि मी डबा धरून ऐकतोय. एकदा मी बादलीकडे वाकलो तर खेकसलात, "रंगमा हात नको घालू. तू पुस्तक वाच." माझ्या भल्यासाठीच होतं, कळतं मला. तरी त्याचे कोपरापर्यंत रंगलेले हात पाहून माझा जळफळाट व्हायचा. घरी तुम्ही दमलेले असायचात, बोलायचात ते फक्त माझ्या मार्कांबद्दल.

शेवटी त्या चेल्याकडेच गेलो. आता तोही थकलाय. फोटो बघून रंगवलेला माझा तंबू त्यानं दारात नेऊन निरखला. म्हणाला, "भाऊ, फोटोमधला तंबूना रंग उनमा उडेल शे. नवा असा नही राहस." मग कपाटातून एक पाकीट काढलं. आत त्याच तंबूच्या कापडाचा हिरवट खाकी तुकडा, त्याला तुमच्या अक्षरातली चिठ्ठी टाचलेली. मिल सोडताना तुम्ही त्याला दिला होता म्हणे. माझ्याकडे तुमच्या हातची एक ओळ नाही, नाना. तीन दिवस तो माझ्याशेजारी बसला आणि त्यानं रंग जुळवून दिला. मी धड बोललोही नाही त्याच्याशी.

प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी माइकवर विचारलं, तंबूचा रंग इतका अचूक कसा साधला? तो पहिल्या रांगेत बसला होता, मीच त्याला नेलं होतं. मी म्हणालो, वडिलांनी शिकवलं, लहानपणी, हाताला धरून. सगळ्यांत आधी टाळ्या त्यानंच वाजवल्या.

हे कुठे धाडायचं नाही म्हणून लिहितो. खाली उतरल्यावर मी त्याची माफी मागितली नाही, आणि उद्या कुणी विचारलं तर पुन्हा हेच सांगेन.