दहा दिवस डालग्याखाली

आये, आज परसात कोंबड्यांना कण्या टाकताना माझा हात तुझ्यासारखाच चालला. कण्या थोड्या थोड्या सोडायच्या आणि जी खायला धावत नाही तिच्याकडे आधी पाहायचं. तू रोज सकाळी तसंच पाहायचीस. तुरा लाल आहे का, डोळे उघडे आहेत का, कुणी पंख पाडून तर बसली नाही ना. खुराडं झाडून ताजी राख पसरायचीस, करवंटीतलं पाणी बदलायचीस. कुणी कोंबडी पाय धरून उलटी नेताना दिसला की ओरडायचीस, "तुला धरू का रं तशी?" जमीन, बैल, भात, सगळं आजोबांचं होतं. त्या सात कोंबड्या तेवढ्या तुझ्या.

लढाईची वर्षं. भाताची झोडणी चालू आहे आणि खालापूरकडून मामा चालत येतो, काखेत काळी कोंबडी, माझ्यासाठी. पण तुझा नियम होता. बाहेरून आलेली कोंबडी दहा दिवस गोठ्याच्या कोपऱ्यात वेगळी बांधायची, तिचं पाणीसुद्धा वेगळं. पूर्वी एकदा मानमोडी आली, माना पिळवटून कोंबड्या मेल्या आणि तुझं खुराडं रिकामं झालं, ते तू विसरली नव्हतीस. शेजारची काकी हसायची. "बाळंतीण हाय का गं ती, धा दिस कोपऱ्यात बसवलीस?" तू म्हणायचीस, "बाळंतीण नाय, पावनी हाय. पावनीला पयल्याच दिशी चुलीपाशी कोन नेतं?"

काळी दोन दिवस ओरडत राहिली. तिसऱ्या दिवशी तू खळ्यावर गेलीस तेव्हा मला राहवेना. मी तिची दोरी सोडली आणि तिला त्या सातजणींत जाऊ दिलं. दुपारभर सगळ्या एकत्र उकरत होत्या, एकाच करवंटीत पाणी पीत होत्या. तू यायच्या आत मी तिला परत बांधली. दुसऱ्याच दिवशी मामाच्या गावचा गाडीवान निरोप देऊन गेला, की तिकडे मानमोडी आली आहे, काळीला वेगळी ठेवा. संध्याकाळी तू खळ्यावरून आलीस तेव्हा मी निरोप सांगितला. तू निवांतपणे म्हणालीस, "येगळीच तर हाय ती." मग मला रडू फुटलं आणि कालचं सगळं सांगून टाकलं.

तुझा हात वर गेला होता. तो तसाच खाली आला. "मार मागनं. आदी डालगी आन."

त्या संध्याकाळी आपण दोघींनी एकेक कोंबडी वेगळ्या डालग्याखाली झाकली, प्रत्येकीला आपली करवंटी. मग तू स्वतः काकीच्या दारात गेलीस. "माज्या पोरीची चूक झाली. आपल्या दोगींच्या कोंबड्या दिसभर एकत्र चरल्यात. तुज्या येगळ्या ठेव." काकी तोंड फिरवून आत गेली. मला वाटलं, आता शेजार तुटला. तेवढ्यात ती दोन जादा डालगी घेऊन आली. "घे. आता सगळ्याच बाळंतिनी झाल्या." तू हसलीस, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

दहा दिवस मी पहाटे उठून प्रत्येक डालग्याला कान लावत होते. आतून खुडबुड ऐकू आली की पुढच्या डालग्याकडे. अकराव्या दिवशी तू डालगी उचललीस. आठही जणी बाहेर आल्या, पंख झाडले आणि सरळ राखेत लोळायला गेल्या. काकीच्याही सगळ्या वाचल्या. तू मटकन उंबऱ्यावर बसलीस. आजही ते आठवलं की माझे खांदे सैल होतात.

त्या दिवसापासून तू ज्याला त्याला सांगत राहिलीस, "पोरीनं निरोप आला तसा सांगितला, म्हनून वाचल्या." माझ्या सासूलासुद्धा सांगितलंस, पाठवणीच्या वेळी, माझा हात तिच्या हातात देताना. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजले.

हा कागद घडी करून माझ्यापाशीच राहील. पण तुला सांगायचं ते एवढंच. गाडीवान सकाळी आला होता, आये. तू नुकतीच खळ्याकडे निघाली होतीस, एक हाक मारली असती तरी वळली असतीस. मी हाक मारली नाही. सातही कोंबड्या काकीच्या परसात शिरताना पाहत मी दिवसभर पायरीवर बसून होते.