सगळ्यांना एकदम जागा

३ मार्च, सोमवार
नव्या डॉक्टरांना हॉस्पिटलं वाटून देण्याचं काम यंदा साहेबांनी माझ्यावर सोपवलं. योग्य माणूस सापडायला त्यांना उशीरच झाला. पद्धत साधी आहे. डॉक्टर आपल्या आवडत्या हॉस्पिटलच्या दारात जातो. हॉस्पिटलला त्याच्याहून बरा कोणी मिळाला की त्याला नारळ, मग तो पुढच्या दारी. शेवटी डॉक्टर-हॉस्पिटलची अशी एकही जोडी उरत नाही, जी आपापली जुळणी सोडून एकमेकांकडे पळेल. जुना प्रोग्राम एकेकाला पाठवतो, म्हणून रडतखडत चालतो. मी सगळ्यांना एकदम सोडणार. संकल्प: शुक्रवारपर्यंत काम फत्ते. शिवाय रोज व्यायाम.

धाकटी बहीणही यंदा उमेदवार आहे. तिला सर्जरीच हवी. म्हटलं, दादा आहे ना. तिने विषय बदलला.

७ मार्च, शुक्रवार
झालं नाही. ऑफिसची खुर्ची वाईट आहे. व्यायाम सोमवारपासून.

१० मार्च, सोमवार, दुपार
अडचण सापडली. एकाचं बघून होईपर्यंत जागेला लॉक लागतं आणि बाकीचे बाहेर ताटकळतात. लॉक काढून टाकलं. प्रोग्राम सुसाट. साहेब खूश.

आमचे प्रोग्राम तपासणाऱ्या टेस्टरबाईंनी विचारलं की दोन डॉक्टर एकाच क्षणी एकाच रिकाम्या जागेवर आले, तर दोघांनाही हो म्हटलं जाईल, त्याचं काय. मी सांगितलं, कोण आधी कोण नंतर याने उत्तर बदलत नाही, हे गणितात सिद्ध झालंय. बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

१२ मार्च, बुधवार
प्रोग्राम पुन्हा चालवला. उत्तर बदललं. मशीन तापलं असावं.

१४ मार्च, शुक्रवार
दर वेळी वेगळं उत्तर. टेस्टरबाई म्हणतात, तुमच्याच गणिताप्रमाणे ते एकच यायला हवं. माणसाला शब्दात पकडायची सवय वाईट. निदान जुन्या प्रोग्रामशी ताडून बघा म्हणाल्या. म्हणजे घोड्याची परीक्षा बैलाने घ्यायची. जेवताना आईने दोनदा हाक मारली म्हणे. मला ऐकू आली नाही.

१८ मार्च, मंगळवार
आजच्या उत्तरात धाकटीला मोठ्या हॉस्पिटलात सर्जरी. निव्वळ योगायोग. हेच उत्तर जाहीर करतोय, कारण एकंदरीत नीटनेटकं दिसतं. टेस्टरबाईंनी सही करायला नकार दिला. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी छाती पुढे काढून सही केली.

घरी धाकटी आनंदाने रडली. आत्ताची क्लिनिकमधली नोकरी सोडू ना, विचारत होती. म्हटलं, बिनधास्त सोड.

२१ मार्च, शुक्रवार
सकाळपासून फोन. निकाल लागला की कुरकुर असतेच. एकजण म्हणाला, माझ्या जागेवर आणखी एक डॉक्टर येऊन बसलाय. मी म्हटलं, नावात साम्य असेल. मग तसाच दुसरा फोन आला, मग तिसरा. दुपारनंतर साहेबांनी सगळे फोन आपल्या केबिनमध्ये वळवून घेतले आणि दार लावलं. टेस्टरबाई आत आहेत. मला बोलावलेलं नाही. माझ्यावर विश्वास आहे म्हणायचा.

धाकटी बॅग भरतेय. तिला फोनचं काही सांगितलं नाही. उगाच कशाला घाबरवा.

२४ मार्च, सोमवार
धाकटी सकाळी रुजू व्हायला गेली आणि दुपारी बॅगेसकट परत आली. तिच्या जागेवर दुसरी मुलगी आधीच रुजू झालीय. प्रोग्रामने दोघींनाही हो म्हटलं होतं, पण हॉस्पिटलच्या यादीत धाकटीचं नाव नाहीच.

टेस्टरबाईंनी साहेबांसमोर जुना प्रोग्राम चालवला. त्यात धाकटीला तिची दुसरी पसंती मिळत होती. तीही सर्जरीच. ती जागा आता भरली. क्लिनिकनेही तिच्याऐवजी दुसरी डॉक्टर घेतली. साहेबांनी मला उद्या येऊ नका असं सांगितलं. परवाचं विचारलं, तर त्यांनी केबिनचं दार उघडून धरलं.

संध्याकाळी धाकटीने विचारलं, निकाल लावायच्या आधी तुला काही शंका आली होती का. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, टेस्टरबाईंशी तिचं बोलणं झालंय. मग आत निघून गेली. आई तिच्या मागोमाग गेली.

मला वाढून ठेवलंय का, हे विचारायची हिंमत होत नाही.