प्रेमा परब इथे राहतात का?

१४ जुलै २०२५, बोरिवली

पासपोर्टचा अर्ज परत! शाळेच्या दाखल्यावर प्रेमा, बाकी सगळ्या कागदांवर सुलक्षणा. खिडकीतली मुलगी म्हणते, "मावशी, ही प्रेमा कोण?" मीच गं बाई! लग्नाआधीची.

तीस वर्षं वर्गात तक्ता टांगला — जगातली प्राचीन, पवित्र स्थळं. कंबोडियातल्या अंकोरवाटवर छडी ठेवून शिकवलं. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही बघितलंय?" मी विषय बदलला. आता मैत्रिणीच्या, शुभाच्या, निवृत्त शिक्षिकांच्या ग्रुपबरोबर जानेवारीत जाणार म्हणजे जाणार.

१७ जुलै

वकिलानं प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलं. "मी लग्नानंतर स्वेच्छेने माझे नाव बदलले." स्वेच्छेने! पेन खाली ठेवलं.

सासूबाई म्हणाल्या होत्या, "प्रेमा? ह्यां काय हाक मारूचां नाव?" झालं. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं. ताट ह्यांच्याकडे, मी समोरून उलटं वाचलं. तेव्हा कळलं, आजपासून आपण सुलक्षणा.

निलेशचा अंधेरीहून, ऑफिसातून फोन. "आई, एका सहीचं काम आहे ना! कशाला वाट लावतेस?" त्याला बारशाला ठेवलेलं नाव अजून आहे, त्याला काय कळणार. सही केली नाही.

२० जुलै

संध्याकाळी रागारागानं मंडपेश्वरला जाऊन बसले. महादेवाचं लेणं. पोर्तुगिजांनी त्याचं चर्च केलं. आता परत महादेव. अंकोरवाटचंही तेच — आधी विष्णू, मग बुद्ध. दगडांना कुणी विचारलं नाही, पण "स्वेच्छेने" असं लिहूनही घेतलं नाही!

आणि महादेव परत येऊ शकतो, तर मी का नाही?

२१ जुलै

वकिलाला सांगितलं, उलटं करा. सुलक्षणाची परत प्रेमा.

"या वयात, मॅडम?"

म्हटलं, वय प्रेमाचंच आहे. दाखल्यावर बघा.

२२ जुलै

ह्यांना सांगितलं. "खुळी झालंस काय? आईनं ठेवलेलं नाव!" मग पान वाढून ठेवलं, तर जेवले नाहीत. मी जेवले. सोलकढीसकट.

९ ऑक्टोबर

गॅझेटमध्ये आलं! प्रेमा मार्तंड परब. चष्मा पुसून परत वाचलं. हे समोर बसून कालचाच पेपर वाचत होते.

१९ नोव्हेंबर

आधारही बदलून आलं होतं, त्यामुळे पासपोर्टच्या ऑफिसात या वेळी कुणी अडवलं नाही. फक्त पोलीस चौकशी राहिली. शुभा म्हणते, "वीस डिसेंबरपर्यंत पासपोर्टचा नंबर दे गं, नाहीतर जागा दुसरीला जाईल."

३ डिसेंबर

मी भाजीला गेले आणि हवालदार येऊन गेला. ह्यांनी दार उघडलं. "प्रेमा परब इथे राहतात का?" हे म्हणाले — नाही!

हवालदारानं जाताना वॉचमनला सांगितलं, त्याच्याकडून मला कळलं. वर येऊन पिशवी आपटली, टोमॅटो घरभर. इतकी वर्षं ह्यांच्याशी अशी भांडले नव्हते. "माझा पासपोर्ट बुडवलात!"

"खोटं काय बोललो? या घरात मी प्रेमा बघितलेलीच नाही." मग खाली वाकून टोमॅटो वेचायला लागले. वर न बघताच म्हणाले, "बेचाळीस वर्षं मग मी कुणाबरोबर राहिलो?"

मी पिशवी उचलून आत गेले. फार वाईट वाटलं, रागही तेवढाच होता.

४ डिसेंबर

चौकीत गेले. हवालदार म्हणाला, "घरचेच नाही म्हणतात, मी काय लिहू?" म्हटलं, परत या. मी जिवंत आहे. उद्या दिवसभर घरीच आहे, भाजीलासुद्धा जाणार नाही. "येतो," म्हणाला. घरी येऊन ह्यांना मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. ह्यांनी पेपर उलटला.

५ डिसेंबर

सकाळी अकराला बेल वाजली. मी ओट्याशी, हात पिठात. ह्यांनीच दार उघडलं. तोच प्रश्न. मग ह्यांचा आवाज, सगळा मजला ऐकेल एवढा —

"प्रेमा! बाहेर ये गं. तुला भेटायला आलेत."

मी मुद्दाम हलले नाही. परत एकदा हाक मारू देत म्हटलं.

मारली!