दोनशेचा आकडा आणि डोंगराखालचे अकरा गुंठे

मी, जयसिंग भैरू टेमघरे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार कोळवण, ता. मुळशी, जि. पुणे, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारा एकुलता एक मुलगा निरंजन ओसरीवर बसला आहे, पण मी त्याला बधलेलो नाही.

१. राहते घर, भाताची दोन खाचरे व बँकेतली ठेव पत्नी गोजराबाई हिला. तिच्या पश्चात निरंजनला.

२. निरंजनने घरात आणून टाकलेल्या एकोणतीस कापडी पिशव्या व बांबूचे ब्रश त्याचे त्याला परत. पुण्याजवळच्या मारुंजीहून एकटा भली मोठी गाडी घेऊन येतो आणि मला प्लास्टिकवर व्याख्यान देतो. गोजराबाई त्याला म्हणाली, "माझी लुगड्याची पिशवी वीस वर्सं चालतीया. तू दर म्हयन्याला नवी आणतुयास, मंग वाचतंय काय?"

३. हवामान बदलाच्या आकड्यांवर माझा विश्वास नव्हता, आणि मी तसे चारचौघांत बोलायचो. त्याचे कारण सांगायची लाज वाटते. शाळेच्या आवारातला पर्जन्यमापक एकतीस पावसाळे माझ्याकडे होता. रोज सकाळी साडेआठला बाटलीतले पाणी मोजून वहीत लिहायचे आणि आकडा तालुक्याच्या कचेरीत कळवायचा. बाटली दोनशे मिलिमीटरला भरते. मोठ्या पावसात ती मध्येच रिकामी करून पुन्हा लावावी लागते. भिजत कोण जाणार? सकाळी वाहती बाटली बघून मी "दोनशे" लिहायचो आणि मोकळा व्हायचो. मला वाटे, जगभर माझ्यासारखेच लिहिणारे असणार, मग ते आकडे कसले खरे!

गेल्या महिन्यात वह्या पुन्हा चाळल्या. पहिल्या दहा वर्षांत "दोनशे" तीनदा आहे, शेवटच्या दहात एकोणीसदा. आकडे खोटे होते हे खरेच, पण मी पाऊस वाढवला नव्हता, लपवला होता. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

४. डोंगराच्या पायथ्याचे अकरा गुंठे अजून माझ्याच नावावर आहेत. तिथे निरंजन माझ्या संमतीने पायथा कापून "निसर्गस्नेही" घरे बांधतो आहे. त्याच्या सल्लागाराच्या अहवालात लिहिले आहे की या खोऱ्यात एका दिवसात दोनशेच्या वर पाऊस पडत नाही. तो आकडा माझा आहे. तयार झालेली पहिली खोली नात आरोहीची, डोंगराला लागून. तिच्या खाली कातकरी वस्ती. वस्तीतला रामदास परवा म्हणाला, "गुरुजी, वरच्या मातीला भेग पडलीया. हात जातोय आत." मी निरंजनला सांगितले. तो म्हणाला, "आबा, हे सगळं थोतांड आहे, असं तुम्हीच म्हणायचात ना?"

हे अकरा गुंठे निरंजनला नाहीत. ते गोजराबाईला. तिथे कोणी राहू नये. ठेवीतून खर्च करून कापलेला पायथा आधी दगडी बांधाने धरावा.

५. वह्या त्या सल्लागाराला द्याव्यात. प्रत्येक "दोनशे"समोर मी लाल शाईने "भरून वाहत होती" लिहून सही केली आहे.

६. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, असे वकीलबाई आत्ता म्हणाल्या. पाऊस माझ्या मरणासाठी थांबायचा नाही. म्हणून बांधकामाची संमती आज, जिवंतपणी मागे घेतो, आणि याची प्रत निरंजनच्या हातात देतो.

सही: ज. भै. टेमघरे
साक्षीदार: १) अॅड. स्वरदा शेडगे २) रामदास वाघमारे (अंगठा)
कोळवण, २७ जून २०२५

प्रत मिळाली. आरोहीचं सामान उद्या येणार होतं, ते थांबवलंय. – निरंजन