पाऊस खाल्लेलं काड

प्रिय मारेन,

तुझा दोन ओळींचा मेसेज मिळाला त्याला आता बरेच दिवस झाले. गुद्रुनमावशीने तुला फोनवर सांगितलं ते खरं आहे. तुझ्या आईचा अंत्यविधी मी शनिवारचा बुधवारवर नेला आणि कारण सांगितलं ते शेतातल्या काडाचं. ‘आईपेक्षा काड मोठं झालं, हे कळलं,’ असं तू लिहिलंस. त्यावर मी फोन केला, पण फोनवर मला बोलता येत नाही. आई रिसीव्हर माझ्या हातात द्यायची, मी इथलं हवामान सांगायचो आणि तिला परत द्यायचो. या वेळीही मी तुला हवामानच सांगितलं.

म्हणून आता लिहितो आहे. गहू कापून झाला होता. काड शेतात ओळींनी पडलेलं होतं आणि आई पावसाची वाट बघत होती. तिचा नियम तुला पाठ आहे. ताजं पिवळं काड गावाच्या वीजघरातल्या भट्टीत घातलं तर त्यातले क्षार वितळतात आणि बॉयलरच्या नळ्यांवर काचेसारखे चढून बसतात. एकदा चांगला पाऊस खाल्ला की काड धुऊन निघतं, करडं होतं. मग ते वाळवून गठ्ठे बांधायचे. पण पावसानंतर ऊन पडलंच नाही, तर सगळं जागेवर कुजतं. बाकीचे शेतकरी हा जुगार खेळत नाहीत. शेजारचा प्रेबेन बांधावरून ओरडायचा, “काय गं एलिनोर, तुझं काड अजून आंघोळीला बसलंय?” ती म्हणायची, “तुझं पारोसंच गेलं वाटतं!” या वर्षीही त्यांचं हे झालं. मी घरातून ऐकलं.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी ती ट्रॅक्टरच्या पायरीवर बसली आणि उठली नाही. डॉक्टर म्हणाले, तिला कळलंही नसेल. संध्याकाळी पाऊस सुरू झाला, तो गुरुवारपर्यंत. मी खिडकीत उभा होतो. अगदी तिला हवा होता तसा पाऊस होता, आणि हे सांगायला घरात कोणी नव्हतं.

गुरुवारी प्रेबेन आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात. “मास्तर, विचारू नये, पण विचारतो. उद्यापासून कोरडं आहे. रविवारपर्यंत. सोमवारी पुन्हा पाऊस लागतोय. शनिवारी सगळे चर्चमध्ये असणार. तिच्या काडाचं काय करायचं?” मी पाद्रीबाईंना फोन केला आणि विधी बुधवारी ठेवायला सांगितला. त्या म्हणाल्या, “एलिनोर असती तर तिने मलाच गठ्ठे उचलायला लावले असते. ठेवते बुधवारी.”

गुद्रुन मात्र भडकली. “आस्गर, माझी बहीण तिकडे एकटी निजलीय आणि तुला गवताची काळजी! लोक काय म्हणतील?” मी बोलत नाही, हेच तिला आयुष्यभर खुपत आलं आहे. तरी शनिवारी दुपारी ती शेतावर हजर झाली, राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासे घालून, कॉफीचे दोन मोठे थर्मास घेऊन. “तुमच्यासाठी आले नाहीये,” तिने सगळ्यांना ऐकवलं. “एलिनोरच्या शेतावर कोणी उपाशी राबलेलं तिला चाललं नसतं, म्हणून आले.” प्रेबेन म्हणाला, “गुद्रुन, अजून थोडं रागाव, म्हणजे केकसुद्धा येईल.” रविवारी केक आला.

बुधवारी पाऊस होता. चर्च भरलं होतं. आईच्या आवडीची तिन्ही गाणी झाली. बाकी तुला मावशीने सांगितलंच असेल.

गेल्या आठवड्यात भट्टीवरून योर्नचा फोन आला. तो तुझ्या पुढच्या वर्गात होता, आता तिथे पाळीप्रमुख आहे. “सर, आज एलिनोरबाईंचं काड घेतोय. येता का?” मारेन, भट्टीची ती चिमणी मी इतकी वर्षं घरातून बघतो आहे, पण आत कधी गेलो नव्हतो. आई जायची. मी घरी ऊब घेत बसायचो.

क्रेनने ट्रकवरचे गठ्ठे एकदम उचलले आणि हवेतच त्यांची ओल मोजली. योर्न आकडा बघून हसला. “या काडाला आम्हाला कधी नावं ठेवता आली नाहीत. आम्हाला मात्र त्या ठेवायच्या.” मग त्याने मला बॉयलरच्या अंगाला असलेल्या एका छोट्या खिडकीपाशी नेलं. तळहाताएवढी गडद काच. मी डोळा लावला.

हे कसं सांगावं मला कळत नाही. शेकोटीत काड जळतं तसं ते नव्हतं. काड आत येत होतं आणि ज्वाळा होण्याआधीच जणू उजेड होत होतं. केवढी उंच पांढरी जागा होती ती, आणि सगळी हलत होती. आवाज कानाला नाही, पायांना ऐकू येत होता. आईचं शेत, त्या उन्हाळ्याचं ऊन, सगळं तिथे होतं. पलीकडे त्याच आगीच्या वाफेवर टर्बाइन फिरत होतं, म्हणजे गावातले दिवे. आणि वीज करून दमलेल्या त्या वाफेची उरलेली ऊब पाण्याला देऊन ते पाणी जाड नळांतून गावाकडे निघालं होतं. योर्नने माझा हात एका उघड्या जोडावर क्षणभर टेकवला. “हे आता शाळेकडे, इस्पितळाकडे, गुद्रुनबाईंच्या न्हाणीघराकडे.” मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. यातलं प्रत्येक पाऊल मी फळ्यावर काढून दाखवलेलं आहे. तरीसुद्धा मी टोपी काढली. योर्नने बघितलं आणि त्यानेही हेल्मेट काढलं. खरं म्हणजे ते नियमात बसत नाही.

चालत घरी आलो. बर्फ पडलेला होता, पण नळ जिथून जातात तिथे रस्त्यावर काळी ओली रेघ होती. मी तिच्या कडेने आलो. एका खिडकीत एक म्हातारा नुसत्या सदऱ्यावर कुंड्यांना पाणी घालत होता. इस्पितळात बाळंतिणींच्या मजल्यावर दिवे लागले होते. एवढं सगळं त्या तिच्या थांबण्यातून आलं होतं, आणि कोणालाच माहीत नव्हतं. मला वाटतं, तिला ते तसंच आवडलं असतं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. त्या गुरुवारी दारात प्रेबेन आणखी एक वाक्य बोलला होता. “मास्तर, शनिवारी तिला निरोप देऊ. काड आम्ही रविवारी एका दिवसात उचलतो, सगळे मिळून.” ते सहज झालं असतं. मीच नको म्हटलं. धुक्यामुळे तिथून निघणारं हेलिकॉप्टर उडत नाही, माझ्यासाठी थांबू नका, असं तू सांगितलं होतंस, आणि मी बरं म्हटलं होतं. पण रोज सकाळी मी तुमच्या फ्योर्डवरचं, त्या डोंगरांमधल्या खाडीवरचं, हवामान बघत होतो. चार दिवसांत धुकं उठेल असं मला वाटलं. ते उठलं नाही. मुलीसाठी थांबलो आहे असं म्हटलं असतं, तर बुधवारी चर्चमधल्या प्रत्येकाने तुझी रिकामी जागा बघितली असती. काडाचं नाव घेतलं, म्हणून सगळ्यांनी मला बघितलं. ते मला चालण्यासारखं होतं. तिथल्या दवाखान्यात तुझ्या जागी नाताळनंतर दुसरी नर्स येणार आहे, असं मावशीकडून कळलं. आईच्या काडातले शेवटचे गठ्ठे बाजूला ठेवायला मी योर्नला सांगितलं आहे. “सर, गठ्ठ्यांवर नावं नसतात,” तो म्हणाला, आणि त्याने ते कोपऱ्यात लावून ठेवले. धुकं उठेल तेव्हा ये. त्या खिडकीतून एका वेळी एकालाच बघता येतं. मी मागे उभा राहीन.

तुझाच,
बाबा